वायर कोपरावर गुंडाळू नये

माणूस पारखायच्या जेवढ्या म्हणून रीती जगात चालू आहेत, कूळ बघा, पत्रिका बघा, डिग्री बघा, तेवढ्या सगळ्या आमच्या साडूंनी एकट्यानं मोडीत काढल्या आहेत. ते फक्त माणूस वायर कशी गुंडाळतो ते बघतात. तेर गावी त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा आहे. माइकची वायर हाताच्या कोपराभोवती गरागरा गुंडाळणारा माणूस त्यांच्या लेखी संपला. तशानं वायरीला आतून पीळ बसतो आणि ऐन मंगलाष्टकात ती दगा देते. एक वेढा सरळ, एक उलटा, असे हलक्या हातानं घ्यायचे, म्हणजे सोडताना वायर कुठं न अडकता पळत सुटते. सख्ख्या पुतणीला सरकारी नोकरीतलं स्थळ आलं, तेव्हा चहापोहे झाल्यावर यांनी नवऱ्या मुलाच्या हातात वीस फूट वायर दिली. त्यानं ती कोपरावर घेतली. "जो वायरीला पीळ घालतो, तो बायकूला सोडील व्हय?" म्हणत हे उठलेच. पुढं लग्न झालं, जावई गुणी निघाला. पण आजतागायत त्या बिचाऱ्याला यांनी घरातल्या चार्जरलासुद्धा हात लावू दिलेला नाही.

माइक तपासताना सगळं जग 'वन टू थ्री' म्हणतं. साडू म्हणतात, "फुटाणे, भाकरी, शेंगदाणे, सासू." त्यामागं शास्त्र आहे. फ आणि भ म्हणताना तोंडातून हवेचा भपकारा माइकवर आदळतो, श आणि स शिट्टी मारतात. या चौघांना जो माइक पुरून उरला तो कुणाच्याही भाषणाला टिकतो. एका लग्नात मात्र, मांडव भरलेला असताना, माइक चालू आहे हे विसरून हे मशीनवरच्या पोऱ्याला ओरडले, "सासू लई बोचतीया, जरा कमी कर!" वरमाय जेवायला बसेना. शेवटी मी, म्हणजे भूगोलाच्या शिक्षकानं, तिला ध्वनिशास्त्र समजावून सांगितलं आणि मग तर वरबापही उठला. धाराशिवला आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला येऊन यांनी हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, कान दिला आणि म्हणाले, "गुरुजी, हॉल घुमतोय. हितं भांडान केलं तर तिसऱ्या घरापत्तूर ऐकू जाईल." चार दिवसांनी तिसऱ्या घरच्या काकूंनी आमच्या सौभाग्यवतींना विचारलं, "मग, मिटलं का?"

अशा माणसाकडं आमची ऋतुजा दर उन्हाळ्याच्या सुट्टीत राहायची, यात चूक माझीच. बारावी झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला ऑडिओ इंजिनिअरिंग करायचंय. गाणं रेकॉर्ड करायचं शिकायचंय." मी म्हणालो, "म्हणजे रेडिओ दुरुस्ती?" ती ताटावरून उठून गेली. शेवटी मी परवानगी दिली, पण अट घातली: संधी एकच. जागा चुकली, पहिल्या वर्षात मन उठलं, तर मुकाट्यानं बी.एस्सी. मग मी हे शिकवणाऱ्या जागांचा रीतसर तक्ता आखला: वसतिगृह, मेस, बसस्टँडपासून अंतर. पुण्यातली एक काचेची इमारत पहिली आली. तिचं माहितीपत्रक लग्नाच्या अल्बमएवढं जाड होतं. साडू ते उलटंसुलटं करून म्हणाले, "गुरुजी, कागदाला आवाज नसतो. चला, जाऊन बघू."

काचेच्या इमारतीत शिरताच यांनी टाळी वाजवली. स्वागताला बसलेली मुलगी दचकली. "काका, काही हवंय का?" "न्हाय बाई, गेलेली टाळी किती येळा माघारी येती ते मोजतोय. तीन झाल्या." मी दुसरीकडंच बघू लागलो. मग स्टुडिओ दाखवणाऱ्या टायवाल्या तरुणानं माइक काढला आणि वायर सरळ कोपरावर घेतली. साडूंनी ती बघितली नसावी म्हणून मी मनातल्या मनात तुळजाभवानीला नवस बोललो. पण बोलली ती ऋतुजा. "सर, मशीनला आम्हाला हात कधी लावू देता?" "दुसऱ्या वर्षी." तिनं फाइल मिटली. "बाबा, इथं नको."

"एवढ्या एका वायरीपायी?" मी जिन्यातच भडकलो.

"वायर न्हाय ओ, गुरुजी," साडू म्हणाले. "हात. हात शिकवतेत का न्हाय, तेवढंच बघायचं असतंय."

माझ्या तक्त्यात सगळ्यात खाली असलेली जागा पुण्यातल्याच एका बोळात निघाली, पिठाच्या गिरणीला खेटून. मी खिशातून पेन काढून फुली मारलीच होती, तेवढ्यात आत शिरलो, जाड दार मागं लागलं आणि गिरणी नाहीशी झाली. साडूंनी टाळी वाजवली. ती परत आलीच नाही. त्यांनी टोपी काढली; हे त्यांना मी देवळातसुद्धा करताना पाहिलेलं नाही.

तिथल्या पिकल्या केसांच्या सरांनी कुणाचे मार्क विचारले नाहीत. आलेल्या दहाबारा पोरांपुढं गुंत्यात पडलेल्या वायरी टाकल्या आणि म्हणाले, "आवरा." एका पोरानं कोपर पुढं केलं तसे आमचे साडू असे कण्हले, की सरांनी पाण्याचा ग्लास मागवला. ऋतुजा खाली मांडी घालून बसली. गाठी सोडवल्या. एक सरळ, एक उलटा. मग एक टोक हातात धरून तिनं भेंडोळं फेकलं, आणि वायर खोलीच्या त्या टोकापर्यंत आखल्यासारखी सरळ गेली.

"कुणी शिकवलं?" सरांनी विचारलं. तिनं काकांकडं बोट केलं.

"तुमचं शिक्षण कुठं झालं?"

साडूंनी हातातली टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. मग म्हणाले, "लग्नात."

सर हसले नाहीत. उठून त्यांनी हात मिळवला आणि त्यांच्यापुढं माइक धरला. साडूंनी घसा खाकरून फुटाण्यांपासून सासूपर्यंत सगळं म्हटलं. सर पोरांकडं वळले. "लिहून घ्या. उद्यापासून वन टू थ्री बंद." प्रवेशाच्या यादीत पहिलं नाव ऋतुजाचं लागलं, आणि ही जागा मीच कशी शोधून काढली हे मी बोळातूनच आठ नातेवाइकांना फोन करून कळवलं.

परतताना सोलापूरहून एसटी धरली. ऋतुजा पुढच्या बाकावर कानाला हेडफोन लावून बसली होती, आत्तापासूनच थोडी लांब गेल्यासारखी. तामलवाडी मागं पडली. मग साडूंनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी काढली. प्रवेशाचा कोरा फॉर्म होता. कधी उचलला होता कोण जाणे.

"गुरुजी, चष्मा न्हाय आणला. वयाची अट काय ल्हिलीया, वाचा की."

"सतरा पूर्ण."

"ती झाली की. वरची?"

मी फॉर्म दोन्ही बाजूंनी नीट बघितला. "वरची लिहिलेली नाही."

त्यांनी तो माझ्याकडून घेतला, जुन्याच घड्यांवर परत दुमडला आणि खिशात ठेवला. "लई चांगली जागा हाय," एवढंच म्हणाले, आणि तुळजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मी पेन काढलं आणि तक्त्यातल्या त्या जागेवरची फुली खोडली.