मागाच्या खडखडाटात झोपणारं पोर

आमच्या गल्लीत तोंडानं कुणी फारसं बोलत नाही. बोलून ऐकू कुणाला जाणार? एकेका कारखान्यात आठ-आठ माग खडखडतात. पाणी हवं तर अंगठा ओठाला, सुताची कांडी संपली तर दोन बोटं वर, मालक आला तर मिशीला पीळ. आमच्या सिरसिल्ला गावचं पोर आधी हातानं बोलतं, मग तोंडानं.

अंडालू या गल्लीतलीच लेक, दिलीही गल्लीतच. भावाच्या, राजेशमच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसून कांड्या भरायची. मी लस्मव्वा. माझ्या जिभेला सगळे टरकून असतात, पण अंडालूपुढं माझंही काही चालायचं नाही. ती एकदाच बोलायची आणि बोललेलं सोडायची नाही. घोरपडीसारखी चिकट बाई!

राजेशमला किती नवससायासांनी मुलगा झाला. बारशाला आत्या म्हणून अंडालूनं पाळण्यात वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं, भार्गव. पोर खुदकन हसलं. "ऐकलं गं बाई! नाव आवडलं!" म्हणत तिची आई कोमरव्वा टाळ्या पिटायला लागली. अंडालूला तेव्हा दिवस होते. कोमरव्वानं तिच्या पोटावर हात ठेवून सांगून टाकलं, "ही मुलगीच असू दे. माझ्या नातवाची बायको." आमच्यात आत्याच्या लेकीवर भाच्याचा पहिला हक्क. आणि झाली मुलगीच, हारिका.

भार्गवचा पाळणा मागाच्या शेजारीच बांधलेला. धोटा कितीही आपटू दे, पोर गाढ झोपायचं. "जातिवंत विणकर आहे माझा!" राजेशम सगळ्यांना दाखवायचा. आम्हीही कौतुक केलं. कौतुकाला काय पैसे पडतात?

पण आमच्याकडची एक गंमत आहे. लाइट गेली, माग थांबले, की गल्लीतली सगळी तान्ही पोरं एकदम जागी होतात. शांततेनं दचकतात बिचारी. घराघरातून रडं सुरू होतं. भार्गव मात्र तेव्हाही झोपलेला असायचा. वर्षाचा होऊन गेला तरी तेच. एकदा अशीच लाइट गेलेली असताना अंडालूनं त्याच्या पाठीमागं पितळी कळशी फरशीवर आपटली. हारिका केवढ्यानं किंचाळली! भार्गव माझ्या पदराशी खेळत होता, तो खेळतच राहिला.

"लस्मव्वा, ह्याला ऐकू येत नाही."

"गप गं! थुंक आधी," मी म्हटलं. पण पोराच्या कानामागं एक टाळी मीही वाजवून पाहिली.

तिनं बतुकम्माच्या सणाला विषय काढला. सगळे राजेशमकडे जेवायला बसलेले. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "राजेशा, पोराला एकदा कानाच्या डॉक्टरकडे नेऊ या. मला शंका येते."

तिची भावजय स्वरूपा वाढता वाढता थांबली. "कसली शंका? हात केला की वळतो, हसतो, टाळी दिली की टाळी देतो."

"हात दिसतो म्हणून. पाठीमागून हाक मार."

"परीक्षा घेताय का वन्सं, माझ्या लेकराची?"

"अगं, ह्याचा बाप तरी कुठं लवकर बोलला होता?" कोमरव्वा मध्ये पडली. "चौथ्या वर्षी तोंड उघडलं त्यानं, ते अजून मिटलं नाही."

सगळे हसले. अंडालू हसली नाही. आणि तिथंच सगळं फिसकटलं. कारण चारच दिवसांपूर्वी नर्सबाई सांगून गेली होती, नात्यात लग्नं करू नका, पोरांत दोष येतो, आणि अंडालूनं चारचौघांत मान डोलावली होती. स्वरूपा स्वतः नात्यातलीच करून आणलेली. तिला ते झोंबलं होतं.

"कळलं हो," ती म्हणाली. "मुलगी द्यायची नाही म्हणून आमचं पोर बहिरं ठरवायचं."

राजेशमनं ताट सरकवलं. "नको देऊस, अक्का. मागितलंय कुणी? पण माझ्या पोराला नाव ठेवायला या घरात येऊ नकोस."

झालं. कांड्या भरायचं काम तुटलं, येणं-जाणं तुटलं. अंडालू सणाला भावाच्या दारात उभी राहायची आणि दार लागायचं. मी राजेशमला दोनदा चांगलं फैलावर घेतलं. "लस्मव्वा, आत्याबाईची वकिली पुरे," म्हणाला. पोर चालायला लागलं, धावायला लागलं, तोंडातून नुसतं 'आ, आ'. कुणी कुणकुण केली की घरच्यांचं एकच, बापावर गेलाय. चौथं वर्ष आलं, चौथं सरलं. अंडालू वाळत चालली.

मग एके दिवशी तिनं हारिकाला परकर-पोलकं नेसवलं, ताटात साडी, पानं, सुपारी, गूळ, नारळ घेतला, जातीतली चार वडील माणसं बोलावली आणि थेट भावाच्या दारात गेली. नवरा मागं मान खाली घालून. हारिका ताटातला गूळ खात होती, तिला काय कळतंय!

"फोड सुपारी," अंडालू म्हणाली. "मुलगी तुझ्या पोराला दिली. पंचांसमोर दिली. आता तरी माझ्या मनात काळंबेरं नाही ना? उद्या त्याला करीमनगरला डॉक्टरकडे ने."

मला वाटलं, पुढं होऊन तिच्या मुस्काटात मारावी. कोण आई असं करते? राजेशमचा चेहरा पांढराफटक पडला. तो जाणून होता, अक्का उगीच एवढं करणार नाही. सुपारी फुटली.

डॉक्टरनं यंत्रं लावून तपासलं. जन्मापासूनच बहिरा. "एवढे दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं. "वर्षा-दोन वर्षांचा असताना आणला असता तर बोलायला लागला असता. आता मशीन बसवलं तरी बोलणं कितपत येईल, सांगता येत नाही."

गावात परत आले तेव्हा संध्याकाळ होत होती आणि लाइट गेली होती. मी अंडालूच्या ओसरीवर होते. राजेशम तेच ताट घेऊन आला, साडीची घडीही न मोडलेली. मागं स्वरूपा, कोमरव्वा, पोर.

"अक्का, तुझी मुलगी परत घे," म्हणाला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

अंडालूनं ताट घेतलं. "मुलगी परत देशील रे राजेशा. पोराची वर्षं कुठून आणू?"

भार्गव तिच्याकडे धावत आला, इतक्या दिवसांनी त्याला कुणी अडवलं नाही. तिनं त्याला मांडीवर ओढलं, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि बारशाला म्हटलं होतं तसंच म्हटलं, "भार्गव."

पोर खुदकन हसलं. कानात फुंकर गेली की कुठलंही पोर हसतं.

"ऐकलं गं..." कोमरव्वाच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि तिनं पदर तोंडात कोंबला.