गौरीचा डबा आणि पोस्टापर्यंतची सहल

बिबवेवाडीच्या आमच्या शाळेच्या फाटकातून आम्ही निघालो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी दमलेली होते. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढं कुणी उत्साहाची अपेक्षा ठेवायला नको. मार्चचं ऊन, चौथीची बत्तीस मुलं, दुखणारा उजवा गुडघा आणि सोबतीला तिसरीच्या शेख बाई. सहल कुठं, तर पोस्टात. ‘पत्राचा प्रवास’ या प्रकल्पाची ही शेवटची पायरी होती.

बसथांब्यावर एक गृहस्थ चौकशीला आले. “कुठं निघाली सहल? सिंहगड?”

“पोस्टात,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. “अहो, पोस्टात आता मोठी माणसंसुद्धा जात नाहीत.”

“म्हणूनच लहानांना नेतोय,” शेख बाई म्हणाल्या. शेख बाईंच्या पाच पिढ्या पुण्यात गेल्या. त्यांना उत्तर शोधावं लागत नाही.

तर त्या पत्रांची हकिगत अशी. फिनलंडमधल्या एका लहान गावातल्या शाळेचा वर्ग आणि आमचा वर्ग यांची वर्षभर पत्रमैत्री चालली होती. आमची मुलं मराठीत लिहायची, मी खाली इंग्रजी करायची, तिकडच्या अन्नी बाई त्याचं त्यांच्या भाषेत करायच्या. डिसेंबरात त्यांच्याकडून एक पत्र्याचा डबा आला. निळा, झाकणावर बर्फातलं घर. आत एकतीस पत्रं आणि पिपारकाकू (आल्याची पातळ, कुरकुरीत बिस्किटं). मुलांनी त्यांना काकूची बिस्किटं म्हणून टाकलं आणि मधल्या सुट्टीआधी संपवली.

पत्रं एकतीस, मुलं बत्तीस. बत्तिसावी गौरी. जून महिन्यात मी अन्नी बाईंना पट कळवला तेव्हा ती आमच्या शाळेत नव्हती. दिवाळीनंतर आली, फुरसुंगीकडून. तिची आई पोळीभाजीचे डबे करते आणि वडील ते सदाशिव पेठेत खोल्या घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना पोचवतात. तिच्यासाठी एक मैत्रीण मागायची म्हणजे मला फक्त चार ओळींची मेल करायची होती. ती मी केली नाही. आज करू, उद्या करू. मध्ये सर्वेक्षणाची ड्यूटी आली, मग चाचण्या आल्या. चूक माझी होती आणि ती विसरण्याची नव्हती, आळसाची होती. सगळी मुलं आपापलं पत्र उघडून वाचत होती आणि गौरी रिकाम्या हातांनी बसली होती, ते मी पाहिलं. तेव्हा सुचेना म्हणून म्हणाले, “गौरी, हा डबा तू सांभाळायचा.”

तिनं तो घरी नेला. फेब्रुवारीत अन्नी बाईंचं कळलं, की मे अखेर त्यांचा वर्ग संपतोय आणि त्या दुसऱ्या शाळेत चालल्यात. म्हणजे आम्ही आता पाठवू ते शेवटचंच. “तू अन्नी बाईंनाच लिही,” असं मी गौरीला सांगितलं. तिनं मान हलवली. पत्रं लिहून झाली, डब्यात गेली, आणि डबा गौरीच्या मांडीवर बसून निघाला.

बस स्वारगेटपर्यंत धडपणे आली असं म्हणता येणार नाही. मार्केटयार्डाच्या चौकात एकाला उलटी झाली, आणि त्याला पाहून दुसऱ्याला. कंडक्टरनं आपली पाण्याची बाटली दिली, हे त्याचे उपकार. गौरी डबा छातीशी धरून खिडकीबाहेर बघत होती. मी धरते म्हटलं तर “न्हाई, जड हाय,” म्हणाली. बत्तीस कागदांना कसलं आलंय वजन, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मी उलटी पुसत होते.

सारसबागेत आम्ही झाडाखाली बसून डबे खाल्ले. पोहे, बटाट्याची भाजी, कुणाची गूळपोळी, शेख बाईंचा खिमा-पाव, ज्याच्याकडं चार मुलं आशेनं बघत राहिली. गवतावर बसल्यावर मला उठावंसं वाटेना. माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. तिथं झाडाखाली मला वाटलं, की ही दोन वर्षं कुणीतरी माझ्याऐवजी काढावीत. शेख बाईंना तसं बोलूनही दाखवलं.

“हात द्या,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला उठवलं.

टिळक रस्ता ओलांडून सदाशिव पेठेत शिरलो. दोन-दोनच्या रांगा, मध्येच स्कूटर घुसते, की रांग तुटते, की पुन्हा मोजणी. अकरावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या पाट्या, दवाखाने, सायकली. एका जिन्यापाशी गौरी थांबली आणि म्हणाली, “हितं आमचे सात डबे येत्यात.” जणू तिचंच घर ते. आम्हाला खाकी कागद आणि सुतळी घ्यायची होती. दुकानदार गल्ल्यावरून म्हणाले, “मुलं बाहेर. बाई आत.”

“मुलांना बघायचं होतं, पार्सल कसं बांधतात ते.”

“मग बाई बाहेर, मुलं आत,” ते म्हणाले. आणि खरंच, पाच-पाच मुलांना आत घेऊन त्यांनी सुतळीची सरकगाठ कशी मारायची ते सगळ्यांना करून दाखवलं. एकदाही हसले नाहीत.

पोस्टात पंखा गरगरत होता आणि पार्सलच्या खिडकीपुढं सहा माणसांची रांग होती. आमची भर पडल्यावर ती दारापर्यंत गेली. खिडकीमागच्या मॅडम माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर. पत्ता पाहून त्या म्हणाल्या, “आत काय आहे ते या फॉर्मवर लिहा. आणि उघडून दाखवा.”

“पत्रं आहेत,” मी म्हणाले आणि झाकण काढलं.

वर बेसनाचे लाडू होते. त्याखाली शंकरपाळे, तिळाच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू, एका पिशवीत चकल्यांचा चुरा. पत्रं होती, सगळ्यात खाली. तुपानं पार माखलेली.

मी मुलांकडं वळले. सगळी जमिनीकडं बघत होती. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं.

“कुणी ठरवलं हे?”

“मी,” गौरी म्हणाली. “समद्यांनी एकेक आणलं. बाई, डबा कुणाचा रिकामा देत असत्यात का?”

“रिकामा कुठं होता? पत्रं होती ना त्यात.”

“पत्रं खाता येत न्हाईत. त्यांनी बिस्किटं घालून दिला हुता.”

आमच्या घरी शेजारच्यांची वाटी आली तर आई ती चिमूटभर साखर घालून का होईना, पण भरूनच परत पाठवायची. हे गौरीला कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही कुणी शिकवलं नव्हतं. मी मात्र मध्ये कुठंतरी ते सोडून दिलं होतं.

मॅडमनी चष्मा नाकावर घेतला. “हे बघा, दुधातुपाचं त्या देशांत आत घेत नाहीत. अडवून ठेवतात. मग लाडूही जात नाहीत आणि पत्रंही जात नाहीत. तुमचं तुम्ही ठरवा.”

“मग त्यांची बिस्किटं कशी आली?” गौरीनं विचारलं. तिचं डोकं खिडकीच्या कठड्यापर्यंत जेमतेम पोचत होतं.

“नशिबानं,” मॅडम म्हणाल्या.

मी गौरीला बाजूला घेतलं. कोपऱ्यावरून पाकीटबंद चिक्की आणू, ती चालते का बघू, असं म्हटलं. ती मान हलवेना. विकतचं घालून डबा देत नाहीत, घरचंच लागतं, आणि आई डबे विकते ते वेगळं, हे तिनं मला समजावून सांगितलं. मग म्हणाली, “पत्रं लिफाफ्यात घालून धाडा. डबा आपल्याकडं ऱ्हाऊ द्या. पोस्टातनं जाण्यासारखं घरात काय केलं, की भरून धाडू.”

“अगं, पण त्यांचा वर्ग संपणार मे महिन्यात. मग कुणाला धाडणार?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं बाहीनं पुसलं. मला स्वतःचा फार राग आला.

गोंदाच्या टेबलावर आम्ही पत्रं पुसायला घेतली. बत्तिसावं पत्र माझ्या हाताला लागलं. बाकी सगळ्यांवर खाली माझं इंग्रजी होतं, यावर नव्हतं; गौरीनं ते मला न दाखवताच डब्यात घातलं होतं. ते अन्नी बाईंना लिहिलेलंच नव्हतं. वर लिहिलं होतं, ‘ज्यांनी डबा भरला त्यांना.’

पत्र लहान होतं. ‘मी गौरी. मला पत्र आलं नाही पण मी तुमची बिस्किटं खाल्ली. एकपण तुटलं नव्हतं. मधे कागद घालून तुम्ही थर लावले होते. माझी आई पण पोळ्यांना तसंच करते. डबा भरणारं माणूस कोण ते कळत नाही, खाणारे फक्त खातात. म्हणून विचारते, तुम्ही कोण?’

मी ते दोनदा वाचलं. मग शाईच्या डागांनी भरलेल्या त्या टेबलाशी उभी राहून, तुपकट कागदावर पेन सरकत असताना, त्याचं इंग्रजी केलं, आणि खाली डबा का राहिला तेही दोन ओळींत लिहिलं. गुडघा ठणकत होता. वर्षभरात मी एवढं मन लावून काहीच लिहिलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

“डाग चालतील का?” मी मॅडमना लिफाफा देत विचारलं.

“डाग फॉर्मवर लिहावे लागत नाहीत,” त्या म्हणाल्या. त्यांनी गौरीला खिडकीतून आत हात घालू दिला आणि शिक्का तिच्याकडून मारून घेतला.

लाडू तिथंच वाटले. रांगेतल्या सगळ्यांना, पहारेकऱ्याला, आणि मॅडमना दोन. एक आजोबा मनिऑर्डरचा फॉर्म बाजूला ठेवून शंकरपाळे खात बसले. डबा रिकामा झाला तो गौरीनं रुमालानं पुसला आणि परत मांडीवर घेतला. परतीच्या बसमध्ये मी झोपले. बिबवेवाडी आल्यावर शेख बाईंनी हलवलं आणि म्हणाल्या, “मोजली मी. बत्तीस आहेत.”

मे गेला. निकाल लागला, चौथी शाळा सोडून गेली. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कपाटावर एक पाकीट होतं, त्यावर माझं नाव नव्हतं. गौरीचं होतं, काळजीपूर्वक, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलेलं.

उद्या देऊ, असं क्षणभर मनात आलं. तसंच आलं, जसं गेल्या वर्षी आलं होतं. मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि शाळा सुटल्यावर चालत निघाले. गौरीचं घर दोन गल्ल्या आणि एक चढ एवढ्या अंतरावर आहे. चढावर तीनदा थांबले.

तिची आई ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि गौरी पोळ्यांच्या मध्ये कागद घालत होती. निळा डबा फळीवर, देवाच्या शेजारी. “बाई आल्या,” असं म्हणून आई हात धुवायला वळल्या, तोवर गौरीनं पाकीट उघडलंही होतं. इंग्रजी तिला वाचता येईना, म्हणून मी खुर्चीत बसून वाचलं आणि मराठीत सांगितलं.

लिहिणारीचं नाव हेल्मी. ती त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, इंग्रजी तिला अन्नी बाईंनी करून दिलं होतं. मुलं शाळेतच जेवतात, आणि तो स्वयंपाक ती करते. बिस्किटं तिनं भाजली होती, थर तिनं लावले होते. तिनं लिहिलं होतं, ‘इतकी वर्षं मी मुलांना वाढते आहे. मला आजवर कुणाचं पत्र आलं नव्हतं. तुझ्या पत्राला तुपाचा वास होता, तो मी बराच वेळ घेत राहिले. वर्ग संपला तरी मी इथंच आहे. तुझ्या बाईंनी डब्याचं कळवलं आहे. डबा तुझ्याकडे राहू दे. घाई नाही.’

ओट्यापाशी गौरीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. “म्हंजी ती बी डबेवालीच की,” त्या म्हणाल्या.

गौरीनं फळीवरून डबा काढला. पत्राची घडी होती तशी घातली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

“बाई, आजच लिहायचं?” तिनं विचारलं.

मी दमले होते. उतरताना गुडघ्याचं काय होणार हेही मला माहीत होतं.

“आण कागद,” मी म्हणाले.

ती माझ्या पायाशी बसली आणि सांगायला लागली, मी लिहायला लागले. पहिली ओळ अशी होती, ‘डबा आमच्याकडं हाय. रिकामा न्हाई.’