खाडीपलीकडच्या दोन काड्या

"आणि ही तुटली तर?"

काका आमच्या अंगणात पहिल्यांदा आले तेव्हा आधी हेच बोलले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. रस्त्यावरच्या खांबावरून आंब्याच्या फांद्यांतून घरात शिरणाऱ्या काळ्या वायरीवरून त्यांची नजर सरकत होती. ती वायर जोडून इंटरनेटवाले नुकतेच गेले होते आणि मी खुशीत होते.

"तुटली तर ते येतील ना जोडायला," मी म्हटलं.

"येतील. पण कवा?" असं म्हणून काका घराच्या मागच्या बाजूला निघूनही गेले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरात शिरली की त्यांना आधी छपराची गळकी जागा दिसते. काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. दाभोळच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत त्यांना सगळे काकाच म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पाय थांबले नव्हते. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांना खुर्ची दिलीत तर ते खुर्ची हातात घेऊन फिरतील."

माझं काम जरा वेगळं आहे. पुण्यातल्या एका कॉलेजातली व्याख्यानं मी इथे घरी बसून ऐकते आणि ऐकता ऐकता टाइप करते. वर्गातल्या ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांच्यासमोरच्या पडद्यावर माझी अक्षरं उमटतात. इथलं नेट गेलं की तिकडे प्राध्यापक बोलतच राहतात आणि ती मुलं कोऱ्या पडद्याकडे बघत बसतात. पहिल्याच पावसाळ्यात हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी स्वतःच काकांच्या घरी गेले. "दुसरी सोय करायची आहे. मोबाइलच्या नेटची. कुठलं सिम घेऊ?"

दुसऱ्या दिवशी ते दोन फोन आणि तीन कंपन्यांची सिमं घेऊन हजर. विहिरीपाशी, माळ्यावर, कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून, सगळीकडे वेग मोजत फिरले. सकाळी मोजला, दुपारी मोजला, संध्याकाळी परत आले.

"आता कशाला? सकाळी झालं की," मी म्हटलं.

"सकाळची रेंज म्हणजे पावण्यासारखी, गोड वागते. संध्याकाळी अख्खी वाडी फोन घेऊन बसली की खरी कळते."

तीन दिवसांनी निकाल आला आणि आमचं भांडण झालं. आमच्या डोंगरावरच्या टॉवरची रेंज घरात भरून येत होती. काकांनी मात्र खाडीपलीकडच्या टॉवरचं सिम निवडलं. त्याच्या कशाबशा दोन काड्या मिळत, त्याही फक्त माळ्याच्या खिडकीत.

"काका, भरलेली घागर सोडून ओंजळ घ्यायची?"

"घागर भरते कुठनं, बघितलंस? डोंगरावरच्या टॉवरला जाणारी केबल नि तुझ्या घरची केबल एकाच चरात पुरलेली हाय. मी उभा राहून बघितलंय. चर खणला की दोन्ही मेल्या. तो पलीकडचा टॉवर. त्याची केबल गुहागरकडनं येते."

"पण दोन काड्यांवर चालेल?"

"तुला काय सिनेमा बघायचाय? आवाज ऐकायचा नि अक्षरं पाठवायची. अक्षरांना किती लागतं गो!"

मग सिम घालायचा राउटर आला. वायरीचं नेट गेलं की तो आपोआप सिमवर जायचा. खिडकीबाहेर छोटा अँटेना बसला. काका तो बोटभर इकडे, बोटभर तिकडे असा सकाळभर फिरवत राहिले. एवढं करूनही त्यांचा जीव शांत होईना. दर सोमवारी येऊन ते वायर स्वतःच उपटून बघायचे. एकदा त्यांनी ती माझं व्याख्यान चालू असतानाच उपटली. नेट सिमवर गेलं, पण मधलं अर्धं मिनिट कोरं गेलं. मी ओरडले. काय बोलले ते इथे सांगत नाही. "रिकामटेकडं" हा शब्द त्यात होता.

काका माळ्यावरून उतरून गेले. एरवी रोज अंगणात चक्कर असायची, ती चार दिवस झाली नाही.

पाचव्या दिवशी मी माफी मागायला गेले. काका घरी नव्हते. काकू पडवीत सुकट निवडत होत्या. माझं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नको. माझ्या पहिल्या खेपेची गोष्ट. वाडीत एकच फोन, दुकानातला. कळा अवेळी सुरू झाल्या. जीप बोलवायला माणूस धावला, तर फोन बंद. पलीकडच्या वळणावर हेच खांबावर चढलेले. दुरुस्तीला वायर ह्यांनीच सोडवून ठेवलेली."

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"जीप आली, पण उशिरा. पोरगा राहिला नाय. मी कधी एका शब्दानं बोलले नाय त्यांना. पण ते त्या खांबावरनं अजून खाली उतरलेले नायत."

त्या सोमवारी मीच काकांना बोलावून आणलं आणि म्हटलं, "उपटा." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वायर उपटली.

पुढे श्रावणात एका मुलीची तोंडी परीक्षा होती. शेवटच्या वर्षाची. बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारणार, मी ते लिहून दाखवणार, ती उत्तरं देणार. दुसऱ्याच प्रश्नाला वायरीचं नेट गेलं. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने वळणावरचा चर उकरला होता, हे नंतर कळलं. माझा फोन पाहिला, डोंगरावरच्या टॉवरची रेंजही शून्य. राउटरवरचा दिवा लाल झाला. मी बोटं कीबोर्डवरच ठेवली. मग दिवा हिरवा झाला आणि कानात परीक्षकांचा आवाज आला, तुटक, पण कळेल असा. ते तोच प्रश्न पुन्हा विचारत होते. मुलगी त्यांना थांबा म्हणून हात करत असावी. मी लिहिलं. तिने उत्तर दिलं. पुढचे सगळे प्रश्न त्या दोन काड्यांवरून खाडी ओलांडून गेले.

संपवून बाहेर आले तर काका अंगणात उभे. छत्री होती, पण मिटलेली. निथळत होते.

"वळणावर मशीन बघितलं नि तसाच आलो. हाक मारली नाय. मधी बोलू नये ना. चाललं?"

"चाललं, काका. पोरीची परीक्षा झाली."

त्यांनी ओल्या हाताने तोंड पुसलं आणि पडवीच्या पायरीवर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. सासूबाई चहा घेऊन आल्या. तो अर्धा होतो न होतो तोच काका उठले.

"ह्याच्यावर लाइट पण गेली तर? बॅटरी किती वेळ टिकते तुझी?"

आम्ही दोघी हसलो. तेही हसले, पण नजर आधीच मीटरकडे गेली होती.

पुढच्या वर्षी काकूंचे गुडघे अगदीच गेले, तेव्हा त्यांची मुलगी दोघांना गुहागरला आपल्याकडे घेऊन गेली. मार्गशीर्षात काका तिकडेच वारले. दुपारी, जेवण झाल्यावर, फार त्रास न होता, असं मुलीने कळवलं. मला मात्र ते आठवतात ते निघाले त्या दिवसाचे. मी त्यांना पोचवायला दाभोळच्या जेटीवर गेले होते. काकू फेरीबोटीत बाकावर टेकल्या, पायांशी पिशव्या. काका कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. बोट सुटून खाडीच्या मध्यावर गेली आणि माझा फोन वाजला.

"गो, आमच्या पडवीत पाण्याचा तांब्या तसाच राहिला. जाता जाता उपडा घाल."

"घालते."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी त्यांच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. पडवीच्या कट्ट्यावर तांब्या होता, अर्धा भरलेला. ते पाणी मी जास्वंदीला घातलं, तांब्या उपडा ठेवला. उतारावरून खाडी दिसत होती. बोट तोवर पलीकडे लागली होती आणि माणसं उतरत होती. एवढ्या लांबून त्यांतले काका कुठले, ते काही ओळखू आलं नाही.