साहेबासाठी गोडं पाणी

त्या नापिकीच्या वर्षांत एकदा, अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या एसटीत, ती बाई माझ्या शेजारी बसली. मांडीवर पाण्याची कॅन. गाडी आदळली की ती कॅन दोन्ही हातांनी वर उचलायची आणि झाकणाभोवती पाझरलेलं पाणी पदरानं पुसायची. माझी पँट भिजली तेव्हा मी वैतागून विचारलं, "गावात पाणी नाही का?"

"काहून नाही? हाय ना. पन खारं. चहा ठेवला का दूध फाटते."

गोडं पाणी तिच्या वावराच्या बांधावरून पाइपानं जायचं, पण थेट कारखान्यात. गावानं अर्जांवर अर्ज केले, म्हणून आज सरकारी साहेब पाण्याची पाहणी करायला येणार होता. कॅन त्याच्यासाठी होती.

"मागच्या सालीबी एक आलते. दोन गिलास पेले, चहा घेतला, पानी चांगलं हाय म्हने अन् गेले."

मी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, खारंच पाजा ना त्याला! घशाखाली उतरू द्या एकदा!"

मी विष कालवायला सांगितल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. "घरी आलेल्या मानसाले? पानी त्यायनं नेलं. आता पाहुनचारबी नेऊ देऊ काय?"

मग मी तिला समजावतच राहिलो. पाइपाचा राग, साहेबाचा राग, सगळा तिच्यावर काढला. तिनं पिशवीतून गिलास काढला आणि कॅन वाकवली.

"बोलून बोलून घसा सुकला तुमचा. घ्या."

मी एका दमात प्यायलो. पाणी चांगलं होतं.