जोडीदार बाहेर बसलीय
शिवणकाम करणाऱ्या मावशींनी छातीतली धडधड सात वर्षं अंगावर काढली. दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला, ‘मिस्टर काय करतात?’ मग त्या काहीतरी थाप मारत आणि पुन्हा तिकडे फिरकत नसत. शेवटी, स्वतःसाठी रेशमी झगा शिवून घेणाऱ्या एका दाढीवाल्या गिऱ्हाइकाने या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला.

निळ्या पडद्यातून आलेलं ऊन टेबलावर पाण्यासारखं हलत होतं.

“घरी कोण असतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मी आणि माझी जोडीदार. बावीस वर्षं झाली. ती बाहेर बसलीय.”

“मग त्यांना आत बोलवा ना. गोळ्यांच्या वेळा दोघींना सांगते.”

मावशींना वाटलं, आपली खुर्ची जमिनीपासून वीतभर तरंगतेय. जोडीदार पिशवी सावरत आत आली, शेजारी टेकली. मावशींनी डॉक्टरीणबाईंदेखत तिचा हात धरला आणि आपला दुसरा हात नाडी बघायला पुढे केला.