एका घावात

चहा घ्या आधी. मी स्वतःच्या हातानं माझी नोकरी कशी फोडली ते सांगतो. हो, फोडलीच. घालवली म्हणण्याइतकं ते साधं नव्हतं.

पलटणीत मी रग्बी खेळायचो. खेळायचो म्हणजे दुसरं काही करतच नव्हतो. खेळण्याचाच पगार, खेळण्याचंच जेवण. मग खांदा निखळला आणि स्वराज्य आल्यावर चार-पाच वर्षांनी मी पिंपळीला घरी परतलो. गावानं मला लगेच वस्ताद केलं. कशाचा, ते कुणी विचारलं नाही.

त्याच सुमाराला इंदापूरच्या शाळेत व्यायामशिक्षकाची जागा निघाली. शाळेचे कारभारी तात्या म्हणाले, "तुमचा त्यो खेळ एकदा दावा आमच्या मैदानावर. पटला तर जागा तुमची." मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. ऊस तोडायला खांदा लागतो, आणि माझा खांदा सरकारजमा झाला होता.

पिंपळीची पंधरा पोरं जमवली, लग्न झालेली, मिशावाली. अडचण चेंडूची होती. साहेबानं दिलेला चामड्याचा चेंडू उंदरांनी खाल्ला होता. रग्बीचा चेंडू लांबट, दोन्हीकडं निमुळता. तो आता कुठून आणायचा? शेवटी पलटणीतल्या एका कोकणी मित्रानं असोला नारळ पाठवला, सोडणासकट. आकार तंतोतंत तोच.

मी शिकवलं, "पुढं पळायचं, पण चेंडू मागच्याला द्यायचा."

आमचा कप्तान यशवंता म्हणाला, "मागंच द्यायचा तर पुढं कशाला पळायचं?"

मी त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. उत्तर मलाही माहीत नव्हतं.

चार महिने आम्ही तोडलेल्या उसाच्या रानात खेळलो. रोज पडून, घासून त्या नारळाचं सोडण झिजत गेलं. शेवटी वर नुसती शेंडी राहिली. माझ्या काही ते लक्षात आलं नाही. रोज बघतो ते माणूस कुठं बघतो?

सामन्याच्या सकाळी मीच म्हणालो, हत्याराची पूजा केल्याशिवाय निघायचं नाही. पोरांनी चेंडूला हळदकुंकू वाहिलं.

इंदापुरात मैदानभर माणसं. समोरच्या संघात तालमीतले पंधरा पैलवान; त्यांना एवढंच सांगितलं होतं, चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवायचं. मी चेंडू रेषेवरच्या दगडाशेजारी ठेवला. तात्या बोलायला उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "नारळ वस्तादांच्याच हातानं फुटू द्या."

माझी छाती अशी फुगली की समोरचं दिसेना. दगडाशेजारी नारळ होता. त्याला शेंडी होती, हळदकुंकू होतं. अजून काय हवं? मी तो उचलला आणि एका घावात फोडला.

टाळ्या पडल्या. पाणी काही निघालं नाही, आत सुटलेला खोबऱ्याचा गोटा तेवढा होता.

यशवंता हळूच म्हणाला, "वस्ताद, त्यो चेंडू व्हता."

तात्यांनी उपरण्याखालून दुसरा नारळ काढला. "पूजेचा तर हितं माज्याकडं हाय. मग तुमी काय फोडलंसा?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "पद्धतच हाय तात्या. जुना चेंडू फोडायचा आन् नव्यानं खेळायचं."

झालं. तात्यांचा नारळ यशवंताच्या हातात दिला आणि शिट्टी मारली. यशवंता पळत सुटला. समोरून आडदांड पैलवान आला आणि बाजूला होऊन त्यानं हात जोडले. दुसऱ्यानंही जोडले. देवाच्या नारळाला आडवं कोण जाणार? यशवंता थेट पलीकडच्या रेषेवर पोचला.

मी ओरडलो, "भुईला टेकव! टेकवल्याबिगर गुण न्हाय!"

तो म्हणाला, "देवाचा नारळ भुईला कसा टेकवू?" आणि तसाच पुढं मारुतीच्या देवळात गेला. नारळ वाहिला, अंगारा लावला आणि पारावर बसला. सामना संपला.

तात्या खोबरं खात होते. चेंडूचंच. मलाही एक तुकडा दिला. गोड होतं, खोटं कशाला बोलू?

"वस्ताद," ते म्हणाले, "खेळ काय मला कळला न्हाय. पर नारळ झ्याक फोडता."

नोकरी दुसऱ्याला मिळाली. मला फार वाईट वाटलं. महिन्यानं शाळेच्या नव्या आखाड्याचा नारळ फोडायला तात्यांनी मलाच बोलावलं. मी गेलो. नव्या मास्तरांनी नारळ हातात दिला. या वेळी मी आधी विचारलं, "तात्या, ह्यो चेंडू तर न्हाय ना?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "ह्या मास्तरला चेंडू वळखता येतो. म्हणून तर त्याला घेतला."