उपरण्याखालची दहा मिनिटे

या उपरण्याला अजून बैलबाजाराचा वास आहे आणि तो आला की कॉलेजातली ती इतिहास परिषद आठवून माझे डोके तापते. उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून बैलांचा भाव ठरवायच्या रीतीवर मी निबंध लिहिला होता. स्वतः दलाली केली होतीच, शिवाय ढाणकीपासून दिग्रसपर्यंतचे म्हातारे दलाल गाठून त्यांचे बोलणे उतरवून घेतले होते. परिषदेच्या निमंत्रणपत्रात मला तो वाचायला दहा मिनिटे दिली होती. सकाळी अध्यक्ष प्राध्यापकांनी याच रीतीवर पाऊण तास वाचून टाळ्या घेतल्या. जेवणानंतर माझी पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "काका, दोन मिनिटांत आटपा. प्राध्यापकांचे पेपर राहिलेत, त्यांना प्रमोशनसाठी लागतात." मी म्हणालो, "सर, पत्रात मले दहा लिहून देल्ली, अन् आता दोनवर काहून येऊन राह्यले? असा माणूस बाजारात दुसऱ्यांदा उभा नाही राहत." मग त्यांच्या हातावर उपरणे टाकले आणि खालून त्यांची पाचही बोटे दोनदा दाबली. ते गोंधळून म्हणाले, "अहो, हात सोडा, काय करताय?" "दहा मागून राह्यलो, सर. सकाळी हेच तर शिकवलं तुम्ही." सभागृह हसले, पण दोन मिनिटांनी माझा माईक बंद झालाच. संध्याकाळी मिळालेल्या प्रमाणपत्रावर 'श्रोता' लिहिले होते. ते मी टेबलावरच ठेवून आलो. निबंध मात्र याच उपरण्यात बांधलेला आहे, आणि दहा मिनिटांच्या खाली मी आजही उतरणार नाही.